अलेक्झांडर, सिकंदर, साशा, चांडी : एकाच नावाची ही रूपे कशी झाली?

अनुस्वार (प्रश्न)

नमस्कार. माझ्या भाच्याची पत्नी रशियन भाषिक आहे. त्यांच्या होणाऱ्या बाळासाठी दोन्ही घरांना उच्चारता येईल आणि दोन्ही घरांत मान मिळेल असे नाव शोधणे सुरू आहे. मुलगा झाल्यास अलेक्झांडर हे नाव ठेवावे, असे तिच्या आईवडिलांच्या मनात आहे. आमच्याकडून मात्र दोन आक्षेप पुढे आले. एक असा की हे एका आक्रमकाचे नाव आहे, ते आपण मुलाला कशासाठी द्यायचे? दुसरा असा की अलेक्झांडर म्हणजे सिकंदर, आणि सिकंदर हे तर मुसलमानी नाव आहे, मग रशियन ख्रिस्ती कुटुंबात ते कसे काय आले?

‘त्याचे नशीब सिकंदर आहे’ असे आपण मराठीत सहज म्हणतो, पण या नावाच्या मुळाशी काय आहे ते मला नीट ठाऊक नाही. या नावाचा उगम कोणत्या भाषेत झाला, मूळ अर्थ काय, इतक्या निरनिराळ्या धर्मांच्या आणि भाषांच्या लोकांनी ते का स्वीकारले आणि अलेक्झांडरचे सिकंदर कसे झाले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती. घरच्या चर्चेत ऐकीव माहितीपेक्षा काही भक्कम सांगता यावे, एवढाच हेतू आहे.

लेणीवाचक

प्रश्न फार चांगला आहे, आणि पहिल्या आक्षेपाचे उत्तर नावाच्या वयातच सापडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हे नाव ग्रीक आहे. ग्रीकमध्ये त्याचे रूप ‘अलेक्सांद्रोस’. त्यात दोन घटक आहेत. ‘अलेक्सो’ या क्रियापदाचा अर्थ दूर सारणे, संकट निवारणे, रक्षण करणे. आणि ‘अनेर’, ज्याचे षष्ठीचे रूप ‘आंद्रोस’ होते, त्याचा अर्थ पुरुष किंवा माणूस. दोन्ही मिळून अर्थ होतो ‘माणसांचे रक्षण करणारा’. काही अभ्यासक त्याचा अर्थ ‘शत्रूच्या माणसांना परतवणारा’ असाही घेतात. दोन्हींत भाव एकच आहे, उभा राहून राखण करणाऱ्याचा. विशेष म्हणजे हे दोन्ही घटक आपल्याला परके नाहीत. ग्रीक ‘अलेक्सो’ आणि संस्कृत ‘रक्ष्’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज मानले जातात, कारण मुळातील ‘ल’ अनेक ठिकाणी संस्कृतात ‘र’ झाला. आणि ‘अनेर’ व संस्कृत ‘नृ’, ‘नर’ यांचे नाते तर भाषाशास्त्रातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी आहे. म्हणजे घटकांची अदलाबदल केली तर अलेक्सांद्रोस आणि नररक्षक हे केवळ समानार्थी शब्द नाहीत, ते रक्ताचे नातेवाईक आहेत.

आता वयाचा प्रश्न. जो विजेता आपल्याला माहीत आहे तो इ.स.पू. ३५६ मध्ये जन्मला आणि इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे वारला. हे नाव त्याच्या किमान नऊशे वर्षे आधीचे आहे. ग्रीसमधील मायसिनी येथे सापडलेल्या, इ.स.पू. तेराव्या शतकातील एका मातीच्या पाटीवर ‘लिनिअर बी’ या लिपीत ‘अ-रे-क-स-द-र’ अशी अक्षरे आहेत. त्या लिपीत ‘ल’ आणि ‘र’ यांना वेगळी चिन्हे नाहीत, आणि व्यंजनांचे जोड सुटे करून लिहावे लागत, त्यामुळे हा शब्द ‘अलेक्सांद्रा’ असा वाचला जातो. पाटी स्त्रियांच्या नावांची आहे. म्हणजे ग्रीकमधील सर्वांत जुनी नोंद एका स्त्रीच्या नावाची आहे, राजाच्या किंवा सेनापतीच्या नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपण हे नाव ऐकताच डोळ्यांसमोर शिरस्त्राण घातलेला पुरुष आणतो.

त्याच शतकातील दुसरी नोंद आजच्या तुर्कस्तानातील हित्ती साम्राज्याची आहे. हित्ती राजा दुसरा मुवातल्ली याने इ.स.पू. १२८० च्या सुमारास विलुसा नावाच्या राज्याच्या ‘अलाक्सांदु’ या राजाशी तह केला. त्या तहाचा मजकूर उपलब्ध आहे. विलुसा म्हणजेच ग्रीकांचे इलिऑन, अर्थात ट्रॉय, असे बहुतेक संशोधक मानतात. आणि होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याला ‘अलेक्सांद्रोस’ असेच अधिक वेळा संबोधले आहे. तहातील राजा आणि काव्यातील राजपुत्र एकच असे कोणी म्हणू नये. पण त्या शहराशी हे नाव जोडलेले होते, इतके मात्र दिसते.

मॅसेडोनियाच्या राजघराण्यातही हे नाव आधीपासून चालत आलेले होते. आपला सिकंदर हा त्या घराण्यातील तिसरा अलेक्झांडर. पहिला त्याच्या दीडशे वर्षे आधी, इराणी फौजा ग्रीसवर चालून आल्या त्या काळात राज्य करीत होता.

भारतातील लिखित नोंदींत हे नाव येते ते कुठे, हे तर प्रत्येकाने आवर्जून पाहावे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, धर्मविजय कुठवर पोहोचला हे सांगताना, अंतियोक या यवन, म्हणजे ग्रीक, राजाच्या पलीकडे राज्य करणारे चार राजे नावानिशी दिले आहेत : तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. यांतील अलिकसुदर म्हणजे अलेक्झांडर. तो विजेता सिकंदर नव्हे, कारण त्याला जाऊन तोवर साठेक वर्षे झाली होती; हा ग्रीसमधील एपिरसचा किंवा कोरिंथचा त्याच नावाचा राजा, आणि विद्वानांचा कल मुख्यतः एपिरसकडे आहे. शाहबाजगढीच्या खरोष्ठी लेखात ‘अलिकसुदरो’ असे रूप आहे, तर काल्सीच्या ब्राह्मी लेखात ‘अलिक्यषुदले’. काल्सीच्या लेखनिकाने आपल्या पूर्वेकडील बोलीच्या सवयीप्रमाणे ‘र’ च्या जागी ‘ल’ घातला आहे. परदेशी नाव कानावर पडल्यावर प्रत्येक जण ते आपापल्या जिभेवर कसे बसवून घेतो, याचा हा दगडात कोरलेला पुरावा आहे.

तेव्हा ‘आक्रमकाचे नाव’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की या देशात हे नाव प्रथम लिहिले गेले ते धर्माचा निरोप ज्याच्यापर्यंत पोहोचला अशा एका दूरच्या राजाचे नाव म्हणून.

मुशाफिर

वरील उत्तर उत्तम आहे. मी दुसऱ्या आक्षेपाविषयी लिहितो, म्हणजे अलेक्झांडरचे सिकंदर कसे झाले आणि ते ‘मुसलमानी’ आहे का.

अरबी भाषेत ‘अल्’ हे उपपद नामाच्या आधी लागते. अल-किताब म्हणजे ‘ते पुस्तक’. ‘अलेक्सांद्रोस’ हे नाव अरबीत आले तेव्हा त्यातील सुरुवातीचे ‘अल्’ हे नावाचाच भाग न वाटता उपपद वाटले. ते बाजूला काढल्यावर उरले ‘एक्सांदर’. पुढे ‘क्स’ या जोडाक्षरातील व्यंजनांची जागा बदलून ‘स्क’ झाले आणि ‘अल-इस्कंदर’ हे रूप तयार झाले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहर अरबीत आजही ‘अल-इस्कंदरिय्या’ आहे. फारसीत उपपदाची पद्धत नसल्याने ‘अल्’ पूर्णपणे गळले आणि ‘इस्कंदर’ राहिले. सुरुवातीला ‘स्क’ सारखे जोडाक्षर फारसी जिभेला जड जाते. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे आधी ‘इ’ ठेवायची, ‘इस्कंदर’. दुसरा म्हणजे मध्ये स्वर घालायचा, ‘सिकंदर’. आपल्याकडे दुसरे रूप रुजले आणि तुर्कस्तान व मलय प्रदेशात पहिले.

मला या नावाच्या प्रवासात सर्वांत विलक्षण वाटते ती इराणची गोष्ट. ज्याने त्यांचे साम्राज्य बुडवले, त्यांच्या पर्सेपोलिस या राजधानीचे राजवाडे ज्याच्या काळात जळाले, त्याचे नाव इराणी माणसाने आपल्या मुलाला का द्यावे? जरथुश्त्री धर्माच्या पहलवी, म्हणजे मध्ययुगीन फारसी, ग्रंथांत त्याच्या नावामागे ‘गिजिस्तग’, म्हणजे शापित, असे विशेषण लावलेले आहे. धर्मग्रंथ जाळणारा म्हणून त्याची आठवण ठेवली गेली. पण त्याच इराणात, इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या फिरदौसीच्या शाहनाम्यात, सिकंदर हा इराणी राजा दाराबचाच मुलगा आणि शेवटचा राजा दारा याचा सावत्र भाऊ ठरतो. कथा अशी : दाराबने रूमच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशाच्या, राजाची मुलगी केली, पण तिच्या तोंडाला दुर्गंधी येत असल्याचे त्याला जाणवले. वैद्यांनी टाळूला झोंबणारी एक वनस्पती देऊन ते बरे केले. त्या वनस्पतीचे रूमच्या भाषेतील नाव ‘सिकंदर’. राजाचे मन मात्र उतरले होते, म्हणून त्याने तिला माहेरी पाठवले. तिथे तिला झालेल्या मुलाला तिने त्या औषधी वनस्पतीचे नाव दिले. ही लोकव्युत्पत्ती आहे, भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिला आधार नाही. पण परक्या जेत्याला घरचा वारस करून घेण्याची ही पद्धत पाहा. एकदा तो आपल्या राजाचा मुलगा ठरला की त्याचे नाव ठेवायला अडचण उरत नाही. पुढे बाराव्या शतकात निजामी या फारसी कवीने त्याला तत्त्वज्ञ राजा म्हणून रंगवले, आणि फारसी संस्कृती जिथे जिथे पोहोचली तिथे हे नाव आदराने गेले.

याच्या जोडीला कुराणातील झुलकर्नैन, म्हणजे ‘दोन शिंगांचा’, या राजाची कथा आहे. अनेक भाष्यकारांनी त्याला सिकंदर मानले, काहींनी नाकारले. ज्यांनी मानले त्यांच्यासाठी हे नाव श्रद्धेच्या कक्षेत आले. सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती लिसिमाकस याने पाडलेल्या नाण्यांवर सिकंदराच्या डोक्याला मेंढ्याची वळणदार शिंगे दाखवलेली आहेत, ही गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते.

हिंदुस्थानात सिकंदर हे आधी नावापेक्षा बिरुद म्हणून अधिक वापरले गेले. अलाउद्दीन खिलजीने आपल्या नाण्यांवर स्वतःला ‘दुसरा सिकंदर’ म्हणवून घेतले. लोदी घराण्यातील निजाम खान इ.स. १४८९ मध्ये गादीवर आला तेव्हा सिकंदर शाह झाला. मराठ्यांच्या इतिहासाचा वाचक विजापूरच्या सिकंदर आदिलशहाला ओळखतो : लहानपणीच गादीवर बसवलेला, आणि इ.स. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर राज्य गमावलेला शेवटचा आदिलशहा. नावात विजय आणि नशिबात पराभव, असा तो दुर्दैवी मुलगा होता. हैदराबादचा तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून सिकंदराबाद वसले. सुमात्रातील आचेचा सर्वांत प्रबळ सुलतान इस्कंदर मुदा, आणि मलय राजघराणी तर आपला वंशच इस्कंदर झुलकर्नैनपासून सांगतात.

‘मुसलमानी नाव’ या आक्षेपाचे उत्तर म्हणून एक उदाहरण पुरेसे व्हावे. अल्बेनियाचा राष्ट्रपुरुष ग्येर्ग कास्त्रिओती (इ.स. १४०५ ते १४६८) हा लहानपणी ओस्मानी दरबारात वाढला, तिथे त्याला ‘इस्कंदर’ हे नाव आणि पुढे ‘बे’ ही पदवी मिळाली. इ.स. १४४३ मध्ये तो ओस्मानी सैन्य सोडून मायदेशी आला, पुन्हा ख्रिस्ती झाला आणि मरेपर्यंत त्यांच्याशी लढला. पण तुर्कांनी दिलेले नाव त्याने टाकले नाही. आज तो जगाला ‘स्कंदरबेग’ म्हणूनच माहीत आहे, आणि अल्बेनियन लोक आपल्या मुलांना ‘स्कंदर’ हे नाव अभिमानाने देतात. म्हणजे इथे तुर्की-अरबी रूप एका ख्रिस्ती वीराच्या नावाने रुजले.

माझ्या मते रूप पाहून धर्म ठरवण्यापेक्षा वाट ओळखावी. ज्या रूपात ‘अल्’ शाबूत आहे ते ग्रीक, लॅटिन किंवा सिरियाक (पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती समाजांची धर्मभाषा) मार्गाने आलेले. ज्यात ‘अल्’ नाही आणि ‘स्क’ आहे ते अरबीतून आलेले.

दक्षिणवारा

मुशाफिर यांच्या शेवटच्या विधानाला एक पुरवणी जोडतो, कारण ‘अल्’ नसलेली सगळीच रूपे अरबीतून आलेली नाहीत. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजात ‘चांडी’ हे नाव सर्रास आढळते. ते अलेक्झांडरचेच मलयाळी रूप आहे. तेथील धर्मभाषा सिरियाक असल्यामुळे नाव ग्रीक-सिरियाक वाटेने आले, आणि मलयाळममध्ये पुढचा भाग गळून, मधला ‘क्स’ ‘च’ सारखा होऊन, शेवटी लाडाचा ‘ई’ लागला. इ.स. १६६३ मध्ये बिशप झालेले परंबिल चांडी पोर्तुगीज कागदपत्रांत ‘अलेक्झांडर दे कांपो’ म्हणून येतात : चांडीचे अलेक्झांडर केले, आणि ‘परंबिल’ मधील परंब, म्हणजे जमीन किंवा शेत, याचे पोर्तुगीज भाषांतर कांपो. केरळचे माजी मुख्यमंत्री ओमन चांडी यांच्या नावातील चांडी तो हाच, आणि त्यांच्या ‘ओमन’ चे मूळ थॉमस या नावात आहे. मराठी वाचकाला चांडी या शब्दावरून चंडी आठवते, पण त्या दोघांचा काही संबंध नाही.

अनुस्वार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अशोकाच्या शिलालेखातील उल्लेख मी घरी वाचून दाखवला आणि आक्षेप घेणाऱ्या मंडळींनी तो पुन्हा वाचायला लावला. आता दोन व्यावहारिक शंका उरतात. रशियन मंडळी बाळाचा उल्लेख आत्तापासूनच ‘साशा’ असा करतात. अलेक्झांडरचे साशा कसे होते? आणि मराठी कानाला ‘साशा’ हे मुलीचे नाव वाटते; त्यामुळे मुलाची अडचण तर होणार नाही ना?

ओवी

मी रशियन भाषा शिकवते, म्हणून या भागाचे उत्तर देण्याचा अधिकार घेते.

आधी रशियात हे नाव का आहे ते सांगते, कारण तिथे विजेत्या सिकंदराचा वाटा फार थोडा आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चमध्ये मुलाला संताचे नाव देण्याची रीत होती, आणि अलेक्झांडर नावाचे अनेक संत आणि हुतात्मे त्या परंपरेत आहेत. मग तेराव्या शतकात नोवगोरोदचा राजपुत्र अलेक्सांद्र झाला. इ.स. १२४० मध्ये त्याने नेवा नदीकाठी स्वीडिश सैन्याचा पराभव केला, म्हणून त्याला ‘नेव्स्की’, म्हणजे नेवाचा, म्हणू लागले. इ.स. १५४७ मध्ये रशियन चर्चने त्याला संत घोषित केले. झार पीटरने नेवाच्या मुखाशी सेंट पीटर्सबर्ग ही नवी राजधानी वसवल्यावर हा संत त्या शहराचा रक्षक मानला गेला. इ.स. १७७७ मध्ये सम्राज्ञी कॅथरिनने आपल्या नातवाचे नाव अलेक्सांद्र ठेवले. तोच नेपोलियनला मागे रेटणारा झार पहिला अलेक्सांद्र. त्यानंतर आणखी दोन झार याच नावाचे झाले, आणि पुश्किनही (जन्म १७९९) अलेक्सांद्रच. संत, सम्राट आणि कवी तिघेही एका नावाचे असल्यावर ते घरोघरी गेले यात नवल नाही. तुमच्या सुनेच्या आईवडिलांच्या मनात बहुधा यांपैकी कोणीतरी असेल, किंवा कदाचित फक्त एखादे आजोबा.

आता साशा. रशियनमध्ये बहुतेक प्रत्येक नावाला ठरलेली घरगुती रूपे असतात, आणि ती मराठीतल्या बंड्या-सोन्यासारखी मूळ नावापासून तुटलेली नसतात. नाव ऐकल्यावर घरगुती रूप कोणते हे कोणालाही कळते. अलेक्सांद्रचे आधी ‘अलेक्साशा’ होते, त्याचा शेवट उरून ‘साशा’. साशाला पुन्हा प्रत्यय लागून ‘साशुरा’, आणि त्याचा शेवट उरून ‘शुरा’. शुरा आणि अलेक्सांद्र यांच्यात कानाला ओळखीचे काहीच उरत नाही, पण साखळी लावली की प्रत्येक कडी दिसते. याखेरीज सान्या आहे, आणि माया दाखवायची असेल तर साशेंका.

साशा हे रूप मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालते, कारण अलेक्सांद्रा या मुलीच्या नावाचेही घरगुती रूप साशाच आहे. रशियनमध्ये ‘आ’ ने संपणारी पुरुषांची घरगुती नावे भरपूर आहेत : मिशा, वान्या, कोल्या, पेत्या. त्यामुळे तिथे कोणालाही संभ्रम होत नाही. जर्मनीत ‘साशा’ हे मुलाचे पूर्ण, कागदोपत्री नाव म्हणूनही ठेवतात, तर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ते अधिक करून मुलीचे नाव झाले आहे. मराठीत तरी ‘आ’ ने संपते म्हणून ते स्त्रीलिंगी मानण्याचे कारण नाही. राजा, कान्हा, कृष्णा ही नावे आपण मुलांना देतोच, आणि ‘कृष्णा आला’ की ‘कृष्णा आली’ हे क्रियापदावरून कळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. रशियन रीतीत साशा हे घरातले आणि मित्रांतले नाव आहे. औपचारिक प्रसंगी माणसाला नाव आणि पितृनाम असे एकत्र संबोधतात. आपल्याकडेही नाव, वडिलांचे नाव, आडनाव असाच क्रम आहे. फरक इतकाच की रशियनमध्ये वडिलांच्या नावाला मुलासाठी ‘ओविच’ किंवा ‘येविच’ आणि मुलीसाठी ‘ओवना’ किंवा ‘येवना’ असा प्रत्यय लागतो. मधले नाव वडिलांचे असणे दोन्ही घरांना सारखेच स्वाभाविक आहे, आणि नाव निवडताना ते वडिलांच्या नावाला जोडून मोठ्याने म्हणून पाहावे, असे मी सुचवीन.

मुलगी झाली तर? त्याचाही विचार करून ठेवा. अलेक्सांद्रा, आणि इटालियन अलेस्सांद्राचे आखूड रूप सांद्रा, हीसुद्धा याच कुळातील नावे आहेत. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचे बाप्तिस्म्याचे पहिले नाव अलेक्झांड्रिना होते. इ.स. १८१९ मध्ये तिचा जन्म झाला तेव्हा झार पहिला अलेक्सांद्र तिचा धर्मपिता झाला, म्हणून ते नाव. लहानपणी तिला ‘ड्रिना’ म्हणत.

मुशाफिर

दक्षिणवारा यांची दुरुस्ती मान्य आहे. हंगेरियन ‘शांदोर’ मध्येही ‘अल्’ नाही आणि ते अरबीतून आलेले नाही. वाट ओळखायची तर ‘अल्’ च्या अभावापेक्षा ‘स्क’ ही खूण अधिक भरवशाची, असे म्हणतो.

ओवी यांच्या उत्तरात थोडी भर. पश्चिम युरोपात संतांइतकाच वाटा कथांचा आहे. सिकंदराच्या नावावर रचलेली एक अद्भुत ग्रीक कथा इ.स. तिसऱ्या शतकाच्या आसपास सिद्ध झाली आणि तिचे आर्मेनियन, सिरियाक, लॅटिन असे अवतार होत गेले; त्यांत तो समुद्राच्या तळाशी काचेच्या पिंपात बसून उतरतो आणि पक्ष्यांना जुंपून आकाशात चढतो. बाराव्या शतकात फ्रेंचमध्ये तिच्यावर मोठे काव्य झाले, आणि त्यातील बारा अक्षरांच्या ओळीलाच पुढे ‘अलेक्झांड्रीन’ हे वृत्तनाम मिळाले. स्कॉटलंडमध्ये इ.स. ११०७ ते १२८६ या काळात या नावाचे तीन राजे झाले, त्यामुळे तिथे ते इतके खोल गेले की गेलिकमधील ‘अलास्दर’ हे आता अस्सल स्कॉटिश नाव मानले जाते. स्पॅनिश ‘अलेहांद्रो’, पोर्तुगीज ‘अलेशांद्र’ आणि इटालियन ‘अलेस्सांद्रो’ यांत लॅटिनमधील एकाच ‘क्स’ चे तीन उच्चार झाले आहेत.

ज्यू परंपरेतही हे नाव आहे, आणि त्याची एक सुंदर आख्यायिका मध्ययुगीन हिब्रू लेखनात येते. सिकंदराने जेरुसलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवण्याची इच्छा दर्शवली. मूर्ती ठेवणे धर्माला मान्य नसल्यामुळे मुख्य पुरोहिताने त्याऐवजी वचन दिले की या वर्षी पुरोहितांच्या घरी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव अलेक्झांडर ठेवू. घटना ऐतिहासिक नाही, परंतु ज्यूंमध्ये हे ग्रीक नाव रुळले होते हे खरे, इ.स.पू. १०३ ते ७६ या काळातील यहुदियाच्या राजाचे नाव अलेक्झांडर यान्नाय होते, आणि यिद्दिश या युरोपातील ज्यूंच्या बोलीत त्याचे ‘सेंडर’ झाले.

लेणीवाचक

शेवटी लेखनाविषयी थोडे, कारण जन्मनोंद करताना प्रश्न तिथेच येईल. मराठीत आपण ‘अलेक्झांडर’ लिहितो त्यातला ‘क्झ’ इंग्रजी उच्चारातून आला आहे, आणि ‘डर’ हा शेवटही. ग्रीक आणि रशियन या दोन्ही भाषांत तिथे ‘क्स’ आहे आणि ‘द’ दंत्य आहे, म्हणून आईच्या भाषेशी इमान राखायचे असेल तर देवनागरीत ‘अलेक्सांद्र’ असे लिहावे. हे रूप मराठीला जडही नाही : ‘चंद्र’ म्हणणाऱ्या जिभेला शेवटचे ‘ंद्र’ सवयीचेच आहे, आणि विभक्ती लावताना ‘अलेक्सांद्रला’, ‘अलेक्सांद्रने’ असे विनासायास होते. घरी साशा म्हणायचे असेल तर ‘साशाला’, ‘साशाने’ असेच ठेवावे. ‘साशेला’ केले तर मात्र ते स्त्रीलिंगी वाटेल. रोमन लिपीतील स्पेलिंग दोन्ही देशांच्या कागदपत्रांत पहिल्यापासून अक्षरशः एकसारखे राहील याची काळजी घ्या, कारण रशियन लिपीतून रोमन लिपीत लिहिताना ‘क्स’ साठी दोन अक्षरे येतात आणि इंग्रजी रीतीत एकच. ते रूप कोणते ठेवायचे हे आईवडिलांनी पहिली नोंद करण्यापूर्वीच ठरवावे.